मदत हवी आहे: वसुबारस ते तुळशीचं लग्न, मोबाइलवर रोज एक फोटो

अंगणातली_तुळस:
वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घरातल्या रोजच्या गडबडीचा दिवसाला एकच फोटो काढायचाय. तिथीची वाढ-क्षय धरून साधारण सोळा होतील. फोनमध्ये प्रो मोड (सगळं हाताने ठरवता येतं तो) आहे. अडचणी अशा: पणतीचा नुसता पांढरा ठिपका येतो, लाइटच्या माळांवर आडवे पट्टे येतात, आणि कंदील, रांगोळी, फराळाचं ताट झालं की चौथ्या दिवशी विषय संपतात. जाणकारांनी सांगावं.

वातीची_काजळी:
ऑटो मोड अंधार बघून सगळं उजळायला जातो, म्हणून ज्योत फुटते, म्हणजे नुसती पांढरी दिसते. ज्योतीवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. चेहराही हवा असेल तर एका पणतीवर भागत नाही; चार-पाच पणत्या ताटलीत घालून चेहऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगाची पिवळी-निळी छटा) ३००० केल्विनच्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स कधी ज्योतीचा पिवळेपणाच धुऊन टाकतो. फ्लॅश नकोच.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. स्वस्तातल्या माळांचा सर्किट-डबा वेगळ्याच वेगाने लुकलुकवतो. तिथे १/२५ वर या आणि फोन कशाला तरी टेकवा.

कंदिलाचा फोटो पूर्ण अंधारात काढू नका. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं, तेवढ्यातच कंदिलाचा कागद आणि मागची गॅलरी दोन्ही दिसतात.

सोऱ्या_आणि_झारा:
तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. मांडलेलं ताट सगळ्यांकडे सारखंच दिसतं, त्यामुळे काम चालू असताना काढा. सोऱ्यातून अर्धी उतरलेली चकली, अनारशाच्या पिठाचा डबा, पहिल्या घाण्यातल्या मोडक्या करंज्या, उटण्याची वाटी, भाऊबीजेला दारातला चपलांचा ढीग. भाऊबीजेनंतर पाहुणे ओसरतात तेव्हाचे दिवस तर सोन्याचे: तळाला चिवडा उरलेला डबा, पावलांनी पुसट झालेली रांगोळी, विझलेल्या पणत्यांतलं तेल. किल्ला उभ्याने काढलात तर मातीचा ढिगारा दिसतो. फोन उलटा धरून लेन्स जमिनीला लावा, मग मावळे आणि उगवलेले हळीव उंच वाटतात.

कढईची वाफ हवी असेल तर खिडकी कढईच्या मागे येईल असे उभे राहा आणि वाफेमागे काळपट काहीतरी असू द्या. पांढऱ्या टाइल्सवर वाफ दिसतच नाही. फोन कढईपासून दोन हात लांब, २x लेन्स वापरा. तेलाचा पातळ थर बसला की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं, आणि लोक फोनला दोष देतात! रोज फोटोआधी मऊ सुती कापडाने लेन्स पुसा.

अंगणातली_तुळस:
१/५० ने पट्टे गेले, धन्यवाद! फुलबाजीची रेघ कशी काढायची? आणि फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच साठवले तर चालतील का?

वातीची_काजळी:
फुलबाजी: आयएसओ १००, शटर २ सेकंद, फोन विटेला टेकवून २ सेकंदांचा टायमर. अंधारात फोकस भरकटतो, म्हणून आधी टॉर्चच्या उजेडात फोकस लॉक करून घ्या. नाइट मोड बंद. तो अनेक फोटो जोडतो आणि रेघ तुटते. मूल सुती कपड्यात, पाण्याची बादली शेजारी.

ग्रुपवर साठवू नका. तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि काढल्याची तारीख-वेळ पुसली जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल वेगळ्या अल्बममध्ये ठेवा, नावात तिथी घाला: ०१-वसुबारस, ०२-धनत्रयोदशी. ४×६ इंची प्रिंटला १२००×१८०० पिक्सेल पुरतात, त्यामुळे थोडं कापलंत तरी बिघडत नाही.

सोऱ्या_आणि_झारा:
एक राहिलं. निवड त्याच रात्री करा आणि एक ओळ लिहून ठेवा, कोण आणि काय चाललं होतं एवढीच. एखादा दिवस चुकला तर जागा रिकामी सोडा, दुसऱ्या दिवशी दोन काढून भरू नका.