रात्री दीडला फक्त तापाचं औषध आणायला गेलो होतो, एवढंच

झोपमोड:
लांबलचक आहे, आधीच माफी. परवा रात्री मुलीला ताप आला (वय ३, वजन १२ किलो). अंग चांगलंच तापलेलं, किरकिर चालू, आणि सिरपची बाटली काढली तर तळाला जेमतेम अर्धा चमचा, तोही चिकट झालेला. बायको म्हणाली जा पटकन, गाडीने दहा मिनिटांचं काम आहे. तेव्हा दीड वाजला होता. परत घरात पाय ठेवला तेव्हा पावणेचार.

झालं असं की नेमकी बिल्डिंगची लाईट गेलेली, म्हणून अंधारात खुर्चीवरची हाताला लागली ती पँट चढवली. ती कालची नव्हती. म्हणजे पाकीट आणि घराची किल्ली दोन्ही दुसरीत. गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला असते म्हणून ती तेवढी मिळाली. बाहेर पडून दार ओढलं, लॅच खट्कन लागलं आणि मला उलट बरं वाटलं, म्हटलं चला, दार तरी नीट लागलं. लिफ्ट बंद. मोबाईलच्या टॉर्चवर पाच मजले उतरलो, बॅटरी १४ टक्के.

रिमोट दाबला, काही नाही. जवळ जाऊन दाबला, हात वर करून दाबला, अंगठा दुखेपर्यंत दाबला. मग आठवलं की दोन महिने झाले गाडीत चावीची बॅटरी कमी असल्याचा मेसेज येतोय आणि मी रोज सकाळी ओके दाबून त्याला घालवतोय. चावीच्या पोटात एक छोटी धातूची चावी असते ती ओढून काढली (नख गेलं), दार उघडलं, आणि गाडी जी काही बोंबलायला लागली विचारू नका. एकेका बाल्कनीत टॉर्च दिसायला लागले. वरून एक काका ओरडले, कोण आहे रे तिकडे, मी ओरडलो, मी आहे मी! आता या उत्तराने कुणाचं समाधान होणार. स्टार्टचं बटण दाबलं तर स्क्रीनवर "चावी सापडत नाही". अरे हातात आहे माझ्या! शेवटी लॉक करून चालत निघालो, माझ्यामागे ती अजून ओरडतच होती.

पंचवीस मिनिटं चालल्यावर ते रात्रभर उघडं असणारं दुकान आलं, शटर अर्धं खाली, आतला मुलगा काउंटरवर डोकं टेकून झोपलेला. त्याला उठवलं, त्याने सिरप दिलं, खिशात हात घातला तर रुमाल. म्हटलं हरकत नाही मोबाईलवरून देतो, कॅमेरा उघडला आणि ११ टक्के दाखवणारा फोन त्याच क्षणी मेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं (एक चप्पल माझी, एक बायकोची) आणि म्हणाला, काका उद्या द्या. खरं सांगतो, रात्रभरात तेवढं एकच सरळ झालं.

येताना कुत्री मागे लागली ते सांगत बसत नाही. वर पोचलो तर लाईट अजून नाही म्हणजे बेल नाही, फोन मेलेला, किल्ली आत. हळू वाजवलं तर ऐकू जात नाही आणि जोरात वाजवलं तर मुलगी उठायची. चाळीस मिनिटं पायरीवर बसलो. लाईट आली तसा बेलवर तुटून पडलो, बायकोने दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "अरे हळू! तासाभरापूर्वी घाम आला, ताप उतरला, झोपलीये ती."

आणि यावर कडी म्हणजे सकाळी बघतो तर आणलेली बाटली ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवाली. आमची नेहमीची १२०ची, तिला आम्ही ६ मिली देतो. दुकानात बघितलंच नाही.

तर प्रश्न. गाडी तशी चालू झाली असती का? हे २५०चं फेकून देऊ का? आणि हे फक्त माझ्याच बाबतीत होतं का?

खिळा_हातोडा:
झाली असती, हेच तर वाईट वाटतंय. रिमोटमधला सेल मेला तरी आत एक वेगळी छोटी चिप असते तिला सेल लागतच नाही, गाडीच्या अँटेनातून जेवढी ऊर्जा मिळते तेवढ्यावर ती ओळख पटवते. फक्त अंतर अगदी कमी लागतं. म्हणून अशा वेळी चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरायची आणि ब्रेक (गिअरवाली असेल तर क्लच) दाबून स्टार्ट करायचं. काही गाड्यांत जागा वेगळी असते, कपहोल्डरमध्ये नाहीतर स्टिअरिंगच्या खाली, ते मॅन्युअलमध्ये असतं, जे कुणी वाचत नाही. आणि धातूच्या चावीने दार उघडलं की बऱ्याच गाड्यांना चोरीच वाटते. चावी ओळखली गेली की बहुतेक वेळा अलार्म पण गप्प बसतो. म्हणजे बटणाला टेकवली असती तर काकांची झोप आणि तुमची पायपीट दोन्ही वाचलं असतं.
सेल बऱ्याच चाव्यांत सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. पण आधी जुना काढून त्यावरचा नंबर बघा, वेगळाही निघतो.

आळशी_बोका:
"मी आहे मी" वाचून ऑफिसात फुटलो 😂 तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही हो, एकटे नाही तुम्ही. मी एकदा रात्री कचरा टाकायला खाली गेलो, एका हातात पिशवी एका हातात किल्ली. किल्ली डब्यात टाकली आणि पिशवी घेऊन वर आलो. दारापाशी येऊन कुलपाला पिशवी लावेपर्यंत कळलं नाही. पुढचं सांगत नाही, डबा माझ्या कमरेइतका उंच होता.

औषधवाली:
फेकू नका, पण ६ मिली तर अजिबात नको!! ही थट्टेची गोष्ट नाही म्हणून नीट सांगते. मुलांना पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असा हिशोब असतो, म्हणजे तुमच्या मुलीला १२० ते १८०. जुन्या बाटलीचे ६ मिली म्हणजे १४४, बरोबर बसतं. नव्या बाटलीचे ६ मिली म्हणजे ३००, दुपटीच्या वर. तेवढंच औषध नव्यातून द्यायचं तर ३ मिलीला जरा कमी. बाटलीवर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवा आणि चमच्याने नाही, मापाच्या सिरिंजने द्या. दोन डोसांत किमान ४ तास आणि २४ तासांत ४ डोसांच्या वर नको. हिशोबाबद्दल शंका आली तर तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, अंदाज नको.
आणि चिडू नका पण मूल शांत झोपलं असेल तर नुसता ताप आहे म्हणून त्याला उठवून औषध पाजायची गरज नसते. औषध ताप उतरवायला कमी आणि त्याला बरं वाटावं म्हणून जास्त. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर, तर मात्र वाट बघायची नाही, सरळ डॉक्टर.

झोपमोड:
म्हणजे मी पाऊण तास पायरीवर बसलो होतो ते ज्या बाटलीसाठी तिची त्या रात्री गरजच राहिली नव्हती. ही पोस्ट बायकोला दाखवणार नाही. हिशोबासाठी मनापासून थँक्यू, मार्करने लिहिलं.

मंदगती:
यात नशीब वगैरे काही नाहीये राव. चावीचा सेल दोन महिने मरत होता, फोनची बॅटरी वर्षभर मरत असणार, सिरप कधी संपलं ते कुणी बघितलं नाही. दिवसा यातलं एक काही बिघडलं असतं तर शेजाऱ्याकडे गेला असता, चार्जर मागितला असता, कळलंही नसतं. रात्री तो मधला आधार नसतो एवढाच फरक.
तो मर्फीचा नियम म्हणतात ना, जे बिघडू शकतं ते बिघडणारच, तोही मुळात रडगाणं नव्हता. एडवर्ड मर्फी हा अमेरिकन हवाई दलातला इंजिनियर, १९४९ मध्ये रॉकेटवर पळणाऱ्या स्लेजच्या चाचण्या चालल्या होत्या, माणसाचं शरीर किती झटका सोसतं ते बघायला. त्याचे सेन्सर उलटे जोडले गेले आणि रीडिंग आलं शून्य. त्यावर तो जे वैतागून बोलला त्याचा हा नियम झाला. मुद्दा असा की वस्तू उलटी बसू शकत असेल तर कधीतरी कुणीतरी उलटी बसवणारच, तेव्हा ती उलटी बसणारच नाही अशी बनवा. तुमच्या घरी किल्ली पँटीत राहू शकते, म्हणून ती राहिली. गाडीच्या चावीच्याच खिळ्याला अडकवा की.
आणि गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही, डोकं जागेवर नसतंच. ती चप्पल त्यातलीच.

आळशी_बोका:
पण ११ टक्क्यांवर फोन का मेला हे कुणी सांगेल का, माझा २०वर मरतो.

खिळा_हातोडा:
जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. नुसता पडून असेल तर टक्के ठीक दाखवतो, पण कॅमेऱ्यासारखं एकदम जास्त करंट ओढणारं काही चालू केलं की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. त्यात पाच मजले टॉर्च. बॅटरी बदला दोघंही.

झोपमोड:
अपडेट. दुकानातल्या मुलाचे पैसे काल दिले, त्याने आधी पायांकडेच बघितलं. सेल पण आणला, सीआर२०३२च निघाला. पण बदलत असताना बायकोने हाक मारली आणि परत आलो तर टेबलावर दोन सेल, दोन्ही सारखेच चकचकीत. आता जुना कुठला?

खिळा_हातोडा:
🤦 मल्टीमीटर लावा. ज्याचं ३ व्होल्टच्या आसपास किंवा वर तो नवा.

औषधवाली:
ते नंतर! आधी दोन्ही सेल टेबलावरून उचला, घरात ३ वर्षांचं मूल आहे. हा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, आणि जुना झालेला सेलही धोक्याचाच. कधी गिळल्याची नुसती शंका आली तरी सरळ इमर्जन्सीत जायचं.

झोपमोड:
बाप रे. उचललेत, तेव्हाच पँटच्या खिशात टाकले होते.
थांबा, कुठल्या पँटच्या.