गुलमर्गसाठी स्नोबोर्डची बाइंडिंग्ज : कोणती घ्यावीत आणि का?

बावधनकर :

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी गुलमर्गला स्नोबोर्डिंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले. टाचेकडच्या आणि चवड्याकडच्या अशा दोन्ही कडांवर वळणे आता जमतात, मध्यम उतारावरून फारसे न पडता खाली येता येते आणि येत्या फेब्रुवारीत पुन्हा जायचे नक्की केले आहे. भाड्याचे बूट पायाला कधीच नीट बसले नाहीत, म्हणून बूट स्वतःचे घेतले. ते नेहमीच्या पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये (बूट बोर्डाला जखडून ठेवणाऱ्या भागात) बसणारे आणि मध्यम कडकपणाचे आहेत. एका मित्राचा वापरलेला बोर्डही मिळाला असून त्यावर चार-चार सेंटीमीटर अंतरावर स्क्रूची भोके आहेत. आता बाइंडिंग्ज तेवढी घ्यायची राहिली आहेत.

माझा आतेभाऊ दिवाळीत कॅनडाहून पुण्याला येताना ती आणणार आहे. अडचण अशी, की घेण्याआधी ती पायात घालून पाहण्याची सोय मला इथे नाही आणि संकेतस्थळांवरची सगळी वर्गवारी 'फ्रीस्टाइल', 'ऑल माउंटन', 'फ्रीराइड' अशी स्वाराच्या शैलीवरून केलेली असते. वर्षाकाठी जेमतेम आठवडाभर बर्फ पाहणाऱ्या माणसाची शैली ती काय असणार? यंदा प्रशिक्षकाबरोबर गोंडोलाच्या (बंद डब्यांच्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे अफरवटला जाण्याचा विचार आहे. वजन ६८ किलो आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पट्ट्यांची बाइंडिंग्ज घ्यावीत, मागून पाय घालायची, की नुसता पाय दाबला की अडकणारी? आणि कडकपणा किती असावा?

हिमगंधा :

बावधनकर, त्या वर्गवारीचा बराचसा भाग शेवटी कडकपणावर येऊन थांबतो, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. टाचेकडे झुकताना आपली पोटरी हायबॅकवर, म्हणजे बाइंडिंगच्या मागच्या उभ्या भागावर रेलते आणि चवड्याकडे झुकताना घोट्यावरचा पट्टा बोर्डाची टाचेकडची बाजू वर उचलून धरतो. हे दोन भाग आणि खालची बेसप्लेट जितकी कमी वाकतील, तितकी पायाची हालचाल बोर्डाच्या कडेपर्यंत लवकर पोहोचते. वेगाने जाणाऱ्याला, कठीण बर्फावर खोल वळणे कापणाऱ्याला आणि तीव्र उतारावरच्या स्वाराला हे हवेच असते, म्हणून 'फ्रीराइड' बाइंडिंग्ज कडक असतात. उड्या मारणाऱ्याला आणि पार्कमध्ये लोखंडी नळ्यांवरून घसरणाऱ्याला मात्र पाय थोडा मुरडायला जागा लागते आणि जमिनीवर तिरके उतरले तरी सावरता यावे लागते, म्हणून 'फ्रीस्टाइल' बाइंडिंग्ज मऊ असतात. कडक बाइंडिंग हेतू आणि चूक यांत फरक करत नाही. शिकाऊ स्वाराचा नकळत हललेला पायसुद्धा ते तितक्याच तत्परतेने बोर्डापर्यंत पोहोचवते, मग उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस आपटतो.

कंपन्या कडकपणासाठी १ ते १० असा आकडा देतात, पण त्यामागे सर्वांनी मान्य केलेले एकच मानक नाही. एका कंपनीचे ५ दुसऱ्या कंपनीच्या ७ इतके कडक निघू शकते, त्यामुळे तो आकडा एकाच कंपनीची बाइंडिंग्ज आपसांत ताडून पाहण्यापुरताच वापरावा.

तुमच्यासाठी शैलीपेक्षा बर्फ महत्त्वाचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या रिसॉर्टमध्ये बहुतेक उतार रोज रात्री यंत्राने दाबून सपाट करतात, तर अफरवटचे वरचे उतार बहुतांशी निसर्ग ठेवील तसे असतात. ताज्या हिमवृष्टीनंतरच्या खोल, भुसभुशीत बर्फात बोर्ड कडेवर चालण्याऐवजी तरंगतो आणि तिथे मऊ बाइंडिंगवरही भागते. परंतु हिमवृष्टीला दोन-तीन दिवस उलटले, की तोच उतार आधी गेलेल्या लोकांच्या रेघांनी उखणलेला, दिवसा उन्हाने ओलावलेला आणि रात्री गोठलेला असतो. त्या खडबडीत बर्फावर मऊ बाइंडिंग पायाखाली लडबडते. आठवडाभराच्या मुक्कामात दोन्ही प्रकारचा बर्फ भेटू शकतो, म्हणून मध्यम, म्हणजे ५ ते ६ च्या आसपासचा कडकपणा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे बूटही मध्यम असल्याने हा मेळ बसतो. मऊ बुटावर कडक बाइंडिंग आवळले, तर पट्टा बुटाला चेपतो आणि कळ पायाच्या वरच्या बाजूला येते.

सदाशिवपेठी :

कडकपणाबाबत हिमगंधा यांच्याशी सहमत आहे. प्रकाराविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

नुसता पाय दाबला की अडकणारे बर्टन कंपनीचे 'स्टेप ऑन' २०१७ साली बाजारात आले. त्यात चवड्याच्या दोन बाजूंना दोन आणि टाचेला एक अशा तीन जागी बूट पकडला जातो आणि त्यासाठी त्या पद्धतीचेच बूट लागतात. तुम्ही साधे बूट आधीच घेतले असल्याने हा पर्याय आपोआप बाद होतो. नायडेकरच्या 'सुपरमॅटिक'मध्ये साध्या बुटांनिशी पाय टाकता येतो, पण त्याची यंत्रणा गुंतागुंतीची आणि वजनही अधिक आहे. फ्लो कंपनीने रूढ केलेल्या मागून पाय घालायच्या बाइंडिंगमध्ये हायबॅक मागे पाडायचा, पाय आत सरकवायचा आणि खटका वर ओढायचा, एवढेच काम असते, कारण पट्टे एकदा जुळवले की पुन्हा सोडावे लागत नाहीत.

ही सगळी धडपड मुळात वेळ वाचवण्यासाठी आहे. जिथे लहान फेऱ्यांची खुर्ची-लिफ्ट दर काही मिनिटांनी वर नेते आणि दर खेपेला मागचा पाय सोडून पुन्हा अडकवावा लागतो, तिथे ही सोय पैसे वसूल करते. गोंडोलात बसताना मात्र बोर्ड पायातून पूर्ण काढावाच लागतो आणि दोन्ही टप्पे पार करून वर पोहोचायला, त्यात रांग धरली तर, बराच वेळ जातो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि वरचे स्थानक सुमारे ३,९५० मीटरवर आहे, म्हणजे एक फेरी चांगलीच लांब पडते. दिवसातून मोजक्या वेळा पट्टे आवळण्यात वाचणारी मिनिटे किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरा मुद्दा खोल बर्फाचा. आपोआप अडकणाऱ्या प्रकारांत टाचेखाली बर्फ दाबून बसला, तर खटका पूर्ण लागत नाही आणि तो बर्फ खरवडून काढण्याचे काम उतारावर उभ्यानेच करावे लागते. पट्ट्यांना असल्या बर्फाचे विशेष वावडे नाही. शिवाय पट्ट्याचा रॅचेट (पट्टा आवळणारा खटका) किंवा त्यात सरकणारी दातेरी पट्टी तुटली, तर ती एका स्क्रूवर बदलता येते. आतेभावाला एक जादा दातेरी पट्टी, एक रॅचेट आणि चार जादा स्क्रू आणायला जरूर सांगा, कारण हे सुटे भाग पुण्यात हमखास मिळतील अशी आशा धरू नये. गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानातली पट्टी तुमच्याच बाइंडिंगला बसेल, याचीही खात्री नसते.

उतारावरचा :

सदाशिवपेठी यांचा हिशेब पंचविशीतल्या माणसाच्या पाठीला लागू पडतो. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि दर खेपेला बर्फात बसून, पुढे वाकून, हातमोजे काढून दोन-दोन पट्टे आवळणे हे वेळेचे नव्हे तर कमरेचे काम आहे. मी मागून पाय घालायची बाइंडिंग्ज वापरतो आणि तीव्र उतारावर उभे राहून हायबॅक मागे पाडणे अवघड जाते ही तक्रार खरी असली, तरी सपाट जागा शोधून तयार होण्याची सवय लावून घेता येते. प्रश्नकर्ते पुढे औलीला जाणार असतील, तर तिथे खुर्ची-लिफ्ट आहे, हेही ध्यानात घ्यावे. लिफ्टवरून उतरताना फक्त पुढचा पाय अडकलेला असतो आणि त्या अवस्थेतले पडणे त्या पायाच्या गुडघ्याला चांगलेच पिळून काढते.

सदाशिवपेठी :

कमरेचा मुद्दा मान्य. पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये उभ्याने पाय अडकवता येतो, पण त्यासाठी बऱ्यापैकी सपाट जागा आणि थोडा सराव लागतो, हे नाकारत नाही.

बावधनकर :

सर्वांचे आभार. कंबर अजून साथ देते, तेव्हा पट्ट्यांची आणि मध्यम कडकपणाची बाइंडिंग्ज घ्यायची हे ठरले. आतेभाऊ माप विचारतो आहे. मी आठ नंबरची पादत्राणे वापरतो, तर मध्यम माप सांगू का? आणि स्कीप्रमाणे पडल्यावर बाइंडिंग आपोआप सुटते का? गुडघ्यासाठी विचारतो आहे.

नट-बोल्ट :

आपल्याकडच्या पादत्राणांवरचा आठ सहसा ब्रिटिश पद्धतीचा असतो. अमेरिकी पद्धतीत तो पुरुषांसाठी साधारण नऊ होतो आणि बाइंडिंगचे तक्ते बहुधा अमेरिकी आकड्यांत असतात. या गोंधळापेक्षा बुटाच्या जिभेवरच्या लेबलवर सेंटीमीटर किंवा मिलिमीटरमध्ये जे माप छापलेले असते, ते कळवा आणि त्या विशिष्ट कंपनीच्या तक्त्यात मध्यम किंवा मोठे काय येते ते भावालाच पाहू द्या. दोन मापांच्या सीमेवर असाल, तर बूट त्याच्याबरोबर दुकानात असणे हाच उत्तम उपाय होता, पण बूट पुण्यात आणि दुकान कॅनडात आहे, तेव्हा किमान बुटाच्या तळव्याची बाहेरून मोजलेली लांबी आणि रुंदी पाठवा. बूट बसवल्यावर टाच हील-कपला, म्हणजे टाचेमागच्या कमानीला, पूर्ण टेकली पाहिजे आणि घोट्यावरचा पट्टा बुटाच्या मध्यावर आला पाहिजे.

चार-चार सेंटीमीटरची भोके असलेल्या बोर्डाला बहुतेक कंपन्यांची डिस्क, म्हणजे बाइंडिंग बोर्डाला स्क्रूने जोडणारी मधली चकती, चालते. अपवाद बर्टनच्या 'ईएसटी' प्रकाराचा, कारण तो फक्त त्यांच्या खाचेच्या, म्हणजे 'चॅनल' बोर्डांवर बसतो. त्याच कंपनीचे 'री-फ्लेक्स' घेतले तर अडचण नाही. खोक्यावरचा हा एक शब्द भावाने वाचूनच पैसे द्यावेत.

जोडणी घरी करता येते. स्क्रू ६ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि त्यांना ३ नंबरचा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. घरातला २ नंबरचा वापरला, तर डोक्याची खाच झिजून स्क्रू कायमचा अडकतो. बोहरी आळीत चांगल्या मुठीचा ३ नंबरचा ड्रायव्हर मिळेल. बाइंडिंगबरोबर आलेलेच स्क्रू वापरा, कारण जास्त लांबीचा स्क्रू बोर्डाच्या तळाला आतून फुगवटा आणतो. बूट आत ठेवून चवडा आणि टाच कडेच्या बाहेर सारखीच डोकावतील, असे डिस्क सरकवून पाहा. एक-दोन सेंटीमीटर बाहेर असणे ठीक आहे, त्याहून अधिक असेल तर वळताना बूट बर्फाला घासतो. पहिल्या दोन-तीन उतरणीनंतर सर्व स्क्रू पुन्हा आवळा. पावसाळ्यात बाइंडिंग्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, इथल्या दमट हवेत स्क्रू गंजतात.

हिमगंधा :

आपोआप सुटण्याविषयी : नाही. स्कीची बाइंडिंग्ज ठरावीक जोरापलीकडे बूट सोडतात, कारण तिथे प्रत्येक पायाला स्वतंत्र लांब पट्टी असते आणि ती एकटीच फिरून गुडघा पिळते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्याने त्यांची बाइंडिंग्ज सहसा सुटत नाहीत. याचा दुसरा अर्थ असा, की हिमप्रपातात बोर्ड पायालाच राहतो, म्हणून अफरवटला गस्ती पथकाने बंद केलेल्या भागात प्रशिक्षकाने नेले तरी जाऊ नये.

गुडघ्यासाठी बाइंडिंगच्या कोनाकडे कडकपणापेक्षा अधिक लक्ष द्या. पुढचा पाय १५ अंश पुढे आणि मागचा ६ अंश मागे वळवून सुरुवात करा. बैठकीसारखे गुडघे वाकवले, की प्रत्येक गुडघा त्याच पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवा. तो आत झुकत असेल तर तीन-तीन अंशांनी कोन बदलून पाहा आणि दोन पायांतले अंतर साधारण खांद्यांच्या रुंदीइतके ठेवा. काही बाइंडिंग्जच्या तळपट्टीला बाहेरून आत असा दोन-तीन अंशांचा उतार दिलेला असतो. त्याने गुडघ्यावरचा आडवा ताण कमी होतो, म्हणून दोन बाइंडिंग्जमध्ये निवड करायची वेळ आली, तर असा उतार असलेले घ्या. खोल बर्फाच्या दिवशी दोन्ही बाइंडिंग्ज एका भोकाने मागे सरकवली, तर बोर्डाचे नाक वर राहते आणि मागच्या मांडीवरचा भार कमी होतो.