भजनाच्या रेकॉर्डिंगला जुना व्हिडिओ कॅमेरा चालतो का?

महालचा खंजिरीवाला
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली गेले. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांची खंजिरी भजनं रेकॉर्ड करू म्हटलं की जो तो सांगून राहिला, आधी भारी रेकॉर्डर घ्या. मला हे पटत नाही. ज्याच्या कपाटात माइक लावायची सोय असलेला मिनी डीव्ही (छोट्या टेपवर चित्रण करणारा) कॅमेरा आहे, त्यानं उद्याच कामाला लागावं. हा कॅमेरा 48 किलोहर्ट्‌झ, 16 बिटमध्ये आवाज घेतो. सीडीवर असतो 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट. म्हणजे कॅमेरा सीडीच्या मागं नाही. फक्त मेनूत 12 बिट असेल तर बदला, त्यात 32 किलोहर्ट्‌झच मिळतो.

आवाज बिघडतो तो अंतरानं. कॅमेरा सभामंडपाच्या मागं आणि माइक त्याच्याच डोक्यावर! अंतर दुप्पट झालं की गाणाऱ्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो, भिंतींचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. वायरचा माइक गायकाच्या तोंडापासून वीतभर ठेवा, मग सांगा.

धंतोली साउंड
भाऊ, अंतराचं मान्य. बाकीचं नाही. घरगुती कॅमेऱ्यात लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात घ्यायचा ते, आपोआप वरखाली होते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ते बंदच करता येत नाही. खंजिरीवर जोराची थाप पडली की कॅमेरा सगळंच खाली दाबतो, थापेमागचा शब्द त्यात जातो. कडवं संपून गायक श्वास घेतो तेव्हा तोच कॅमेरा लेव्हल वर चढवतो, की कूलरची घरघर पुढं. खंजिरी भजनात थाप आणि शब्द हातात हात घालून चालतात, तिथं हे खपवून घेऊ नये. शिवाय माइकचा आवाज वाढवणारं सर्किट स्वस्तातलं, त्यामुळं मागं सतत सू सू. म्हाताऱ्या माणसाच्या बारीक आवाजाला तर ते फारच जाणवतं.

महालचा खंजिरीवाला
लेव्हल हातानं लावता येणारे कॅमेरेही आहेत, मी त्यांचीच बाजू घेऊन राहिलो. हेडफोन लावा, सगळ्यात जोराची थाप कॅमेऱ्याच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. तेवढं जमलं तर थाप फाटत नाही.

वर्धा रोडवाली
तुम्ही दोघंही चित्राचं बोलतच नाही. आमच्या मामांची बोटं खंजिरीच्या काठावरून मध्यावर कशी सरकतात, हे नुसतं ऐकून नातवंडांना शिकता येईल का? कॅमेऱ्यात हात आणि आवाज एकत्र येतात. वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, तासाभराच्या भजनात ओठ आणि शब्द मागंपुढं होतात.

धंतोली साउंड
ताई, सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळवल्या की मधलं सगळं जुळवता येतं. चित्र कॅमेऱ्यानं घ्याच, आवाज रेकॉर्डरवर घ्या. टेपचा माझा आक्षेप वेगळा आहे. ती संगणकावर उतरवायला फायरवायर नावाची जुनी केबल-जोडणी लागते, आणि आजच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. तासाची टेप उतरवायला पूर्ण तास जातो. बुरशी धरली तर गेलीच.

सक्करदऱ्याची सून
मेच्या उन्हात पारा 45 वर असताना ऐंशीच्या माणसाला कूलर बंद करून कोण बसवणार? यंत्र कोणतंही आणा, दुपारी हे होत नाही. आमच्याकडं मंडळी पहाटे सामुदायिक ध्यानाला जमतात. ते आटोपलं की तिथंच भजनाला बसवा. तेव्हा रस्त्यावर हॉर्न नसतात आणि त्यांचा गळाही ताजा असतो.

महालचा खंजिरीवाला
पहाटेचं एकदम बरोबर, वहिनी. पण रेकॉर्डरसाठी वर्गणी गोळा होईपर्यंत मी थांबणार नाही. माइक आणि कॅमेरा घेऊन येतो.

धंतोली साउंड
मग निदान टेप त्याच आठवड्यात उतरवा. फायरवायरचा जुना संगणक माझ्याकडं चालू आहे, तो घेऊन जा. पहिल्या भजनाला माझा रेकॉर्डरही शेजारी लावू, दोन्ही आवाज इथं टाकतो.