१० मार्चची योकोअमिचो भेट : टिपणातील एका विधानाबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

टोकियोच्या योकोअमिचो उद्यानातील स्मारकाला, म्हणजे १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यातील मृतांच्या स्मारकाला दिलेल्या आपल्या भेटीच्या टिपणात ‘अमेरिकेने टोकियोच्या निवासी वस्तीवर जाणूनबुजून आग ओतली’ असे म्हटले आहे. पूर्व टोकियोत त्या वेळी घरोघरी युद्धसामग्रीचे सुटे भाग तयार होत होते आणि घरे लाकडी असल्याने आग पसरत गेली, हे लक्षात घेऊन विधान सौम्य करावे, अशी विनंती.

– एक सभासद, योकोहामा

*

स. न. वि. वि.

होन्जो, फुकागावा, असाकुसा या भागांत घरगुती कारखाने होते, हे खरेच; तरीही विधान सौम्य करण्यास माझा विरोध आहे. अमेरिकी लष्कराने १९४३ मध्येच यूटाच्या वाळवंटात डगवे येथे हुबेहूब जपानी घरे उभारली, आत तातामी चटया अंथरल्या आणि कोणता आगबॉम्ब ती लवकर पेटवतो हे तपासले. त्या घरांच्या आखणीत अँटोनिन रेमंड हे टोकियोत अनेक वर्षे काम केलेले वास्तुविशारद होते. केवळ यंत्रेच नष्ट करायची असती, तर चटया अंथरण्याचे कारण काय होते?

नोव्हेंबर १९४४ पासून टोकियोजवळच्या मुसाशिनो येथील विमान-इंजिन कारखान्यावर दिवसा, सुमारे नऊ किलोमीटर उंचीवरून बॉम्ब टाकले जात, पण ढग आणि त्या उंचीवरचे प्रचंड वारे यांमुळे नेम साधत नसे. जानेवारी १९४५ मध्ये या हल्ल्यांची सूत्रे हाती घेणारे अमेरिकी सेनानी कर्टिस लमे थेट आपल्या खरगपूरहून आले होते (बी-२९ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे पहिले तळ बंगालमध्ये होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही), आणि डिसेंबरमध्ये चीनमधील जपानव्याप्त हानकौ शहरावर आगबॉम्बचा परिणाम त्यांनी पाहिलेला होता. ९ मार्चच्या रात्री विमानांवरच्या बहुतेक मशीनगन उतरवून, वाचलेल्या वजनाचे बॉम्ब भरून, ती दीड ते पावणेतीन हजार मीटरवर आणली गेली. २७९ विमानांनी सुमारे १,६६५ टन बॉम्ब टाकले. सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळाले आणि एका रात्रीत अंदाजे एक लाख माणसे मेली.

टिपणात उणीव आहे ती दुसरीच. १९४१ च्या सुधारित हवाई संरक्षण कायद्याने नागरिकांना शहर सोडण्यास मनाई करता येत होती आणि आग विझवणे हे त्यांचे कर्तव्य ठरवले होते. बादल्या घेऊन थांबलेले लोक पळू लागले तोवर वेळ गेलेली होती. सुमिदा नदीवरील कोतोतोई पुलावर दोन्ही काठांवरचे लोंढे समोरासमोर येऊन अडकले. युद्धानंतर सैनिकांना व त्यांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतन मिळाले, होरपळलेल्या नागरिकांना मात्र नाही. त्यांचा दावा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. लमे यांना मात्र जपान सरकारने १९६४ मध्ये मोठा किताब दिला.

– एक सभासद, निशी-कसाई

*

सप्रेम नमस्कार,

चटयांचा मुद्दा मला मान्य आहे. विधान तसेच ठेवावे. परंतु कायद्याविषयी लिहिणार असाल, तर चीनची युद्धकालीन राजधानी छोंगछिंग हिचाही उल्लेख हवा. १९३८ ते १९४३ या काळात जपानी विमानांनी तिच्यावर वारंवार बॉम्ब टाकले आणि मे १९३९ च्या दोन दिवसांत आगबॉम्बनी तेथील हजारो नागरिकांचा बळी घेतला. हा परिच्छेद मी रविवारपर्यंत लिहून पाठवतो.

– योकोहामा