लाल झग्यावर रंगांच्या पायऱ्या दिसतात, छटा एकमेकींत मिसळत नाहीत

निळीशाई

एका चेटकिणीची ३२ मिमीची मिनिएचर, म्हणजे छोटी मूर्ती, रंगवते आहे. पाठीवर मानेपासून घोट्यापर्यंत झगा आहे आणि त्याला खोल घड्या आहेत. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी देतात त्या अस्तरावर) गडद लाल, मधला लाल आणि नारिंगीकडे झुकणारा लाल असे तीन ॲक्रिलिक रंग लावले. तिन्ही रंगांच्या सीमा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या स्पष्ट दिसतात. रंग पातळ करा असं सगळेच सांगतात, म्हणून पाणी वाढवलं. आता प्रत्येक थराला गडद कड उमटते आणि घडीच्या तळाशी रंग साचतो. ओल्यात ओला रंग मिसळून पाहिला, तर खालचा थरच सोलून निघाला. एअरब्रश नाही आणि सध्या घ्यायचाही नाही. नुसत्या ब्रशने हे जमतं का?

कोरडाब्रश

जमतं. वेट पॅलेट वापरता का? नसेल तर आधी ते करा. झाकणाचा डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद, झालं. मधल्या छटा तासन् तास ओल्या राहतात, त्यामुळे घाई होत नाही. फक्त कागदावर पाण्याचं तळं दिसू देऊ नका, नाहीतर रंग आपोआप पातळ होत जातो.

तिसराथर

निळीशाई, तुमची अडचण रंगाच्या पातळपणाची नाही, ब्रशमध्ये किती ओल आहे त्याची आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि "पातळ करा" म्हणताना दुसरी सांगायची राहून जाते.

पातळ रंगाने भरलेला ब्रश टेकला की तिथे थेंब बसतो. थेंबाची कड आधी सुकते, मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि जाताना रंगद्रव्यही घेऊन जातं. तुम्हाला दिसणारी गडद कड ती हीच. म्हणून रंग पातळच ठेवा, पण ब्रश बुडवल्यावर तो टिश्यूवर दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. टोक पुन्हा सुईसारखं झालं पाहिजे. मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ मारून बघा. रेघ जिथे मारली तिथेच राहिली आणि नख खालून दिसत राहिलं, तर ब्रश तयार आहे. रंग नखाच्या कडेच्या खाचेत पळाला, तर अजून पुसा. ही नखाची परीक्षा मी आजही प्रत्येक वेळी ब्रश भरल्यावर घेतो.

थर सोलण्याचं कारणही सांगतो. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. मधल्या काळात, म्हणजे वरून सुकल्यासारखा दिसतो पण आत ओला आहे तेव्हा, ब्रश लागला की पापुद्रा फाटतो. म्हणून एकतर रंग पूर्ण ओला असतानाच मिसळा, नाहीतर पूर्ण सुकू द्या. एवढ्या छोट्या, घड्या-घड्यांच्या झग्यावर ओल्यात ओलं करण्याच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रॅगनच्या पंखांवर ते शोभतं, तिथे ब्रश फिरवायला जागा असते.

आता झग्याचं. पहिल्या फेरीत गुळगुळीतपणाचा विचारच करू नका. उजेड वरून येतो असं धरा आणि घडीच्या कण्यावर, म्हणजे वर उठलेल्या भागावर उजळ, बाजूंना मधला, तळाशी गडद असं ठसठशीत मांडून घ्या. त्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत झगा एकसुरी करडा दिसला, तर आधी गडद अजून गडद आणि उजळ अजून उजळ करा. छटा कितीही मऊ मिसळल्या, तरी खाली उजेड-सावलीच नसेल तर मिनिएचर टेबलावर सपाटच दिसते. फोटो पटला की मगच सीमांकडे वळा.

सीमेवरचे दोन रंग पॅलेटवर निम्मे-निम्मे मिसळा. त्यात एक भाग रंगाला पाच-सहा भाग मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेला, चमक न आणणारा ॲक्रिलिक द्रव) आणि पाणी घाला. हा झाला ग्लेझ. तो फक्त सीमेवर, दोन्हीकडे थोडासा जाईल असा फिरवा, सुकू द्या, पुन्हा फिरवा. पहिल्या वेळी काहीच झालं नाही असं वाटेल, आणि तसंच वाटायला हवं. तिसऱ्या-चौथ्या थराला सीमा शोधावी लागते.

यात ब्रशची दिशा सगळ्यांत महत्त्वाची. ब्रश जिथे उचलता तिथे सर्वांत जास्त रंग उतरतो. सावली गडद करायची असेल तर मधल्या रंगात टेकवून सावलीकडे ओढा आणि तिथेच उचला. उजेड वाढवायचा असेल तर उलट, कण्याकडे ओढा. दिशा उलटी झाली की रंगाचा ठिपका बरोबर नको तिथे बसतो.

ब्रश १ किंवा २ नंबरचा घ्या, टोक चांगलं असलेला. शून्याच्या पुढचे बारीक ब्रश पॅलेटवरून झग्यापर्यंत पोचेतोच सुकतात.

निळीशाई

नखाची परीक्षा फारच उपयोगी पडली. कडा गेल्या! डाव्या बाजूच्या दोन घड्या अगदी हव्या तशा झाल्या. पण उजेड वाढवायला लालमध्ये पांढरा मिसळला, तर तिथे गुलाबी आणि खडूसारखं दिसतंय. शिवाय काही भाग चमकतो, काही मॅट.

तिसराथर

लालमध्ये पांढरा घातला की गुलाबीच होणार. लालला नारिंगीने उजळा, आणि अगदी टोकाच्या रेषेला त्या नारिंगीत फिकट त्वचेचा रंग किंवा हस्तिदंती घाला. सावलीला काळ्याऐवजी गडद जांभळा किंवा निळसर हिरवा मिसळून बघा. लाल मरत नाही, उलट शेजारी जास्त पेटतो.

खडूसारखं दिसण्याची कारणं दोन. टायटॅनियम पांढरा मुळात अतिशय अपारदर्शक, ग्लेझमध्ये त्याचे कण धुक्यासारखे वर दिसतात. त्यात नुसतं पाणी भरपूर घातलं की रंगाला धरून ठेवणारा बाइंडरही विरळ होतो. म्हणून मी पाण्यापेक्षा मीडियमवर जास्त भर देतो. झालेलं पुसायची गरज नाही. शुद्ध, पांढरा न मिसळलेला लाल घ्या, वर सांगितल्यापेक्षाही पातळ ग्लेझ करा आणि उजळ भागासकट सगळ्या घडीवरून एकदा फिरवा. गुलाबी परत लाल होईल, उरल्यासुरल्या सीमाही आणखी जुळतील. मग फक्त कण्यावर नारिंगीची बारीक रेघ पुन्हा द्या. मला या सगळ्या कामात हाच टप्पा सर्वांत आवडतो. विखुरलेले थर एका फेरीत एक कापड होतात.

चमक शेवटी मॅट व्हार्निशने सारखी होईल. तोवर दिव्याखाली मिनिएचर फिरवून दोन-तीन कोनांतून बघा, कारण चमकणारा भाग उजळ असल्याचा भास होतो आणि आपण नको तिथे सावली देत बसतो.

कोरडाब्रश

तिसराथर यांच्याशी बाकी सहमत, पण झगा जाड लोकरीचा दाखवायचा असेल तर एवढ्या मऊ छटा मला तरी पटत नाहीत. तिथे ब्रशच्या टोकाने बारीक ठिपके द्यावेत, सीमेजवळ दाट, पुढे विरळ. डोळा त्यांना आपोआप मिसळतो आणि कापडाचा पोतही मिळतो.

तिसराथर

हे बरोबर आहे. रेशीम किंवा चामडं असतं तर मी गुळगुळीतच म्हणालो असतो, लोकरीला ठिपकेच शोभतात. निळीशाई, झगा कशाचा आहे?

निळीशाई

रेशमाचाच धरलाय, काठाला सोनेरी नक्षी आहे. मग उरलेल्या घड्या ग्लेझनेच करते आणि काठ सगळ्यात शेवटी घेते.

तिसराथर

हो, काठ शेवटीच. ग्लेझ काठावर थोडा सांडला तरी मग फिकीर नाही.