पार्टचा दुसरा आवाज तंबोरा नव्हे

एस्टोनियन संगीतकार आर्वो पार्टच्या टिंटिनाबुलीत, म्हणजे एक आवाज सुरावटीचा आणि दुसरा तिच्या सोबतीचा अशा त्याच्या रचनापद्धतीत, दुसरा आवाज तंबोऱ्यासारखा षड्ज धरून राहतो, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. तो आवाज सुरावटीसोबत हलतो, फक्त एकाच कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाच्या) तीन सुरांत. ए मायनर घ्या: ए, सी, ई. सुरावट ए-बी-सी-डी अशी चढली आणि 'कॉर्डमधला वरचा सर्वात जवळचा सूर' हा नियम लावला, तर सोबतीला सी-सी-ई-ई येतात. म्हणजे बीच्या डोक्यावर सी, चक्क अर्ध्या सुराचं अंतर. हा कडवटपणा नियमातूनच येतो. पियानोवर पेडल दाबून भावुक वाजवणारे नेमका तोच पुसून टाकतात.

आणि 'सोपं लिहून सुटला' म्हणणाऱ्यांनी इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ पार्टने तंतुवाद्यं आणि घंटेसाठी लिहिलेला 'कांटुस' (१९७७) पाहावा. ए मायनरची उतरती सुरावट, तंतुवाद्यांच्या पाच थरांत. प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या गतीने. पहिली व्हायोलिनं एक सूर धरतात तेवढ्या वेळाच्या सोळापट डबल बासना तोच सूर धरायचा. व्हायोला सोडून प्रत्येक वाद्यगट दोन भागांत विभागलेला. शेवटचा घंटेचा ठोका इतका हलका, की तंतुवाद्यं थांबल्यावरच तो ऐकू येतो. रेकॉर्डिंगवाले तिथे लवकर फेड करतात (आवाज विरवून टाकतात), हा खरा गुन्हा.