'डार्क' सिनेमाला मराठीत काय म्हणायचं?

गेल्या रविवारी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत बहिणीकडं होतो. बाहेर पाऊस लागलेला आणि घरात भाच्याचा हट्ट, हॅरी पॉटरचा तिसरा पार्ट लावायचा. आधीचे दोन त्याला तोंडपाठ आहेत, हा नवा. रेल्वेचा प्रसंग आला. गाडी मध्येच थांबते, दिवे जातात, खिडकीच्या काचेवर बर्फ धरत जातो, बाटलीतलं पाणी गोठतं, आणि मग दारातून वाळलेली, काळपट बोटं आत येतात. भाच्यानं पाय वर घेतले आणि मला चिकटून बसला. "मामा, ह्यो पार्ट लई डार्क हाय."

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. आपण याला काय म्हणतो?

पहिल्यांदा 'गडद' सुचतो. मला तो पटत नाही. गडद म्हणजे रंग भरून असणं. गडद हिरवा शालू म्हटलं की लग्नघर डोळ्यांपुढं येतं. आणि या मालिकेत तर 2001 आणि 2002 सालचे ख्रिस कोलंबसचे दोन चित्रपटच रंगानं भरलेले, उबदार, मेणबत्त्यांच्या पिवळ्या उजेडातले आहेत. 2004 साली अल्फोन्सो क्वारोन दिग्दर्शक म्हणून आला आणि रंग उतरला, सगळं निळसर-राखाडी, पावसाळी झालं. तिसऱ्याला 'गडद' म्हटलं तर अर्थ नेमका उलटा होतो.

'काळा' तर नकोच. त्याच्यापुढं पैसा नाहीतर बाजार येतो. 'भेसूर' नेमका आहे, पण हसण्याला, आवाजाला, एखाद्या चेहऱ्याला. अख्ख्या चित्रपटाला नाही. 'तिमिर' मला फार जवळचा. पसायदानात 'दुरितांचे तिमिर' आहे ना, तिथं तो रात्रीचा अंधार नाही, माणसातल्या वाईटाचा आहे. डार्कमधला हा अर्थ इतक्या थोडक्यात दुसरीकडं मिळणार नाही. पण रोजच्या बोलण्यात तो शब्द राहिलेला नाही.

उत्तर मिळालं आत्तीकडून. ती पलंगावर शेंगा फोडत बसलेली, एक डोळा पडद्यावर. म्हणाली, "आधी कसं हसत-खेळत हुतं. आता झाकोळल्यागत झालंय की रं सगळं."

पन्हाळ्याकडून ढग चढत येतात, भर दुपारी रंकाळ्याचं पाणी शिशासारखं दिसायला लागतं, तो झाकोळ. ऊन गेलेलं नसतं, झाकलेलं असतं. तिसऱ्या भागाला हे तंतोतंत लागू पडतं, कारण हॅरीजवळचा आनंद तिथं संपत नाही, त्याच्या एका आठवणीवरच तो रेल्वेत आलेल्या त्या काळ्या सावल्यांना परत फिरवतो.

मग लक्षात आलं की मी उगाच विशेषण शोधत होतो. मराठीत अंधार क्रियापदांनी येतो. झाकोळणं, अंधारून येणं, काळवंडणं. आणि प्रत्येकाचं काम वेगळं. झाकोळलेलं उघडतं. अंधारून आलं की पुढं पाऊस आहे. काळवंडलेलं मात्र आपोआप उजळत नाही, मग ती चांदी असो की दुखण्यानं उतरलेला चेहरा. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' हा चित्रपट केला, सावकाराच्या फेऱ्यात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट. त्या शेतकऱ्याचं आयुष्य झाकोळतं असं मी म्हणणार नाही. ते काळवंडतं.

म्हणून माझ्यापुरतं ठरलं, 'तिसऱ्या भागात गोष्ट झाकोळते' असं लिहायचं. मालिका भागागणिक बदलत जाते, आणि ते बदलणं विशेषणात मावत नाही. तुमच्याकडं, कोकणात किंवा विदर्भात, यासाठी वेगळं क्रियापद असेल तर जरूर सांगा.

सिनेमा संपल्यावर भाच्यानं विचारलं, "चौथा पण असाच हाय?" चौथ्याच्या शेवटाला एक शाळकरी पोरगा मरतो, ते काही मी सांगितलं नाही. म्हटलं, "त्यात शेवटी काळवंडतं."

आत्तीनं टरफलं सुपात गोळा केली. "मग आज नगं. दिवेलागणीची येळ झाली."